कोड चव्हाट्यावर

शोधनिबंधात आभार संपून संदर्भ सुरू होण्याच्या मधे एक ओळ असते: 'या संशोधनासाठी लिहिलेला कोड रास्त विनंती केल्यास लेखकांकडून मिळेल.' लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की विनंती करायला कोणी फिरकणार नाही, आणि फिरकलंच तर तोवर आपण दुसऱ्या विद्यापीठात, जमल्यास दुसऱ्या देशात असू. इतकी शांत झोप देणारं वाक्य विज्ञानात दुसरं नाही.

पण काही माणसं खरोखरच विनंती करतात. व्हिक्टोरिया स्टॉडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकातल्या २०४ निबंधांमागचा कोड आणि विदा मिळवायचा घाट घातला. मागेल त्याला द्यावं, असा 'सायन्स'चा २०११पासून नियमच होता. २०१८ साली त्यांनी हिशेब मांडला: ४४ टक्के निबंधांच्या बाबतीत काहीतरी हाती लागलं, आणि निकाल पुन्हा काढता येतील असे निबंध, त्यांच्या अंदाजाने, २६ टक्के. बाकीच्यांकडून पत्रं आली. काहींकडून तीही आली नाहीत. एका प्राध्यापकांनी उलट विचारलं की आपण कोण, नोकरी कुठे करता, हे सगळं कशाला हवंय आणि त्याचं पुढे काय करणार. म्हणजे जागा भाड्याने मागायला गेल्यासारखं झालं.

हल्ली नियतकालिकं सोकावली आहेत. नुसतं 'देऊ' म्हणून भागत नाही, दुवा द्यावा लागतो, आणि तो समीक्षक क्रमांक दोन यांना उघडता आला पाहिजे. (समीक्षक क्रमांक एक 'उत्तम काम' म्हणून दोन स्वल्पविराम सुचवतात. क्रमांक दोन निबंध वाचतात.) त्यामुळे सुधारित निबंध पाठवायच्या मुदतीच्या आदल्या दिवशी आमच्या संगणक विभागाच्या दारात एक सर उभे राहतात. अर्धं पाऊल मागे त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी, लॅपटॉप छातीशी घट्ट धरून.

"अहो, तो रेपो जरा पब्लिक करायचाय. एक बटणच दाबायचंय ना?"

बटण एकच आहे, हे खरं. गिटहब, म्हणजे लोक कोडचे रेपो (कोठारं) जिथे ठेवतात ते संकेतस्थळ, तिथे ते सेटिंग्जच्या पानाच्या पार तळाशी, लाल चौकटीत असतं, आणि चौकटीवर ठळक अक्षरांत 'डेंजर झोन' असं लिहिलेलं असतं. अख्खा रेपो कायमचा पुसून टाकायचं बटणही त्याच चौकटीत, शेजारीच. दाबलं की गिटहब विचारतं, नक्की ना? परिणाम माहीत आहेत ना? मग पुन्हा एकदा तेच कबूल करून घेतं. एवढी खात्री पीएचडीला प्रवेश देताना करून घेतली असती तर बऱ्याच जणांचं भलं झालं असतं.

विद्यार्थिनी गप्प असते, कारण आत काय आहे ते तिला ठाऊक असतं. सरांना नसतं. सरांनी कोड शेवटचा पाहिला तेव्हा तो फोरट्रानमध्ये होता.

मी म्हणतो, आधी एकदा उघडून बघू. उघडतो. रोमन लिपीतल्या मराठीत फायलींची रांग लागते: मेन, मेन_न्यू, मेन_न्यू_फायनल, फायनल_सरांसाठी, टेस्ट२, आणि जुनं_पण_हेच_चालतं.

"निबंधातली आकृती तीन यातल्या कुठल्या फायलीतून निघते?"

"शेवटच्या. पण त्याआधी टेस्ट२ चालवावं लागतं. दोनदा."

"दोनदा का?"

"पहिल्यांदा एरर येते."

सर खिडकीबाहेर बघू लागतात.

खरी गंमत कॉमेंट्समध्ये असते. कोडच्या ओळींच्या मधे माणसासाठी म्हणून लिहिलेलं, संगणक ज्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, ते. आपण सोडून हे कोणी वाचणार नाही अशी खात्री असते, म्हणून तिथे माणूस मोकळा होतो. 'हे का चालतं माहीत नाही. हात लावू नये.' 'पुढचा भाग रात्री लिहिलाय, सकाळी बघणे.' सकाळी कोणी बघितलेलं नसतं. आणि एका सूत्रात सरळ ०.७३ने गुणलेलं, शेजारी कॉमेंट: 'सरांना हवंय.'

"मी कधी म्हटलं ०.७३?" सर.

"सर, तुम्हीच. कँटीनमध्ये."

"अगं, मी उदाहरणादाखल म्हटलं असेन."

त्या उदाहरणावर निबंधाचं अर्धं दुसरं प्रकरण उभं असतं. मग आधीच्या पोस्टडॉकला मेल जातो, कारण मूळ सूत्र त्याने लिहिलेलं. तो आता जर्मनीत असतो आणि दुसऱ्याच विषयात असतो. त्याचं उत्तर येतं: बघून सांगतो. ते बघणं अजून चालू आहे.

आता पत्ते. फाइल कुठून उचलायची ते कोडला सांगावं लागतं, आणि संशोधक ते आपल्या लॅपटॉपचा सी ड्राइव्ह, त्यात आपल्या नावाचा फोल्डर, त्यात डेस्कटॉप, त्यात 'न्यू फोल्डर (३)' इतक्या तपशिलाने सांगतो. स्वतःच्या घरचा पत्ताही लोक इतका नीट सांगत नाहीत. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर 'न्यू फोल्डर (३)' अर्थातच नसतो; असला तर त्यात लग्नाचे फोटो असतात. हा दोष आपल्याकडचाच असं समजून कोणी मान खाली घालू नये. हार्वर्डच्या डेटाव्हर्स संग्रहात संशोधकांनी आपण होऊन, जगाने बघावं म्हणून ठेवलेल्या आर भाषेतल्या नऊ हजारांहून अधिक फायली काही जणांनी चालवून पाहिल्या. २०२२ साली छापलेला निकाल असा की ७४ टक्के फायली शेवटपर्यंत पोचल्याच नाहीत. मग त्यांनी असले पत्ते वगैरे आपल्या हाताने दुरुस्त केले, तेव्हा न चालणाऱ्या फायली ५६ टक्क्यांवर आल्या. बाकीच्यांत काय दुखतंय ते लेखकांनाच ठाऊक असणार. किंवा पोस्टडॉकला.

"ठीक आहे," सर म्हणतात, "ते सगळं डिलीट करून टाका आणि पब्लिक करा."

इथे सरांना गिटचा स्वभाव समजावून सांगावा लागतो. लिनस टोरवाल्ड्सने एप्रिल २००५मध्ये लिनक्सच्या कामासाठी गिट लिहिलं, ते मुळी काहीही विसरायचं नाही म्हणूनच. आज फाइल काढून टाकलीत तर 'आज फाइल काढली' ही नवी नोंद होते, आणि जुन्या नोंदीत फाइल जशीच्या तशी बसलेली असते. म्हणजे तीन वर्षांपूर्वी कोडमध्ये लिहिलेला सर्व्हरचा पासवर्ड आज खोडला तरी इतिहासात आहेच, उलट 'पासवर्ड काढला' अशा नोंदीमुळे तो नेमका कुठे शोधायचा तेही कळतं. पब्लिक झालेल्या रेपोंमध्ये असल्या किल्ल्या हुडकत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस जागे असतात. त्यामुळे खोडाखोडी नंतर, आधी पासवर्ड बदलायचा. हे ऐकल्यावर सर विचारतात, तोच पासवर्ड आणखी कुठे कुठे आहे. विद्यार्थिनी पुन्हा गप्प.

नोटबुकांची तऱ्हा आणखी वेगळी. ज्युपिटर नोटबुकमध्ये कोडच्या खाली त्याचं उत्तरही साठवलं जातं. कधीतरी, विदा नीट वाचली जातेय ना हे बघायला कोणी पहिल्या पाच ओळी छापून पाहिलेल्या असतात. कोड निरुपद्रवी असतो. त्याच्याखाली पाच पेशंटांची नावं, वयं आणि रक्तातली साखर चौकटीत सुबक मांडलेली असते. विदा गोपनीय आहे असं निबंधात लिहिलेलं असतं, आणि ते कोणी खोटंही म्हणणार नाही.

मग इतिहास धुवायला घेतात. त्यासाठी गिट-फिल्टर-रेपो नावाचं हत्यार आहे. कुलवृत्तांत छापताना सख्ख्या भावाला कोर्टात खेचणारे पणजोबा 'काही काळ परगावी वास्तव्यास होते' असे होतात, तसलंच हे काम. फक्त गिटमध्ये एका पणजोबांना हात लावला की पुढच्या सगळ्या पिढ्यांची नावं बदलतात. कारण प्रत्येक नोंदीचा चाळीस अक्षरी क्रमांक तिच्या मजकुरावरून आणि तिच्या आधीच्या नोंदीच्या क्रमांकावरून काढलेला असतो. आणि एवढं सगळं केल्यावर ज्याच्याकडे जुनी प्रत आहे असा एखादा गावी गेलेला विद्यार्थी परत येऊन भोळेपणाने आपली प्रत जोडतो. की पणजोबा, भाऊ, कोर्ट, सगळे परत हजर.

यावर जगभरच्या प्रयोगशाळांनी एकच तोडगा काढलाय. इतिहासच टाकून द्यायचा. नवा कोरा रेपो काढायचा, शेवटचा कोड त्यात ओतायचा, नोंद करायची 'इनिशियल कमिट'. म्हणूनच पब्लिक रेपो चाळत गेलं तर असं दिसतं की थोरथोर माणसांनी कित्येक हजार ओळींचा गुंतागुंतीचा कोड एखाद्या मंगळवारी मध्यरात्रीनंतर एकटाकी लिहिला, चूक एकही केली नाही, आणि नंतर आयुष्यात पुन्हा त्याला हात लावला नाही.

पूर्वी गरिबी तरी पारदर्शक होती. जानेवारी २०१९पर्यंत गिटहबच्या साध्या फुकट खात्यावर प्रायव्हेट रेपो मिळत नसे, त्याला पैसे पडत. त्यामुळे फेलोशिप अडकलेल्या मुलांचा कोड आपसूकच जगाला दिसे. मग प्रायव्हेटही फुकट झालं आणि सगळे आत गेले.

तुम्ही म्हणाल, लपवण्यासारखं एवढं असतं तरी काय? चोरीची भीती म्हणाल तर ती फार थोड्यांना असते. हा कोड चोरायचा तर आधी चोराला तो चालवता यायला हवा. भीती असते ती लाजेची. निक बार्न्स नावाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरने २०१० साली 'नेचर'मध्ये शास्त्रज्ञांची समजूत काढणारा लेख लिहिला होता: तुमचा कोड आहे तसा छापा, तो पुरेसा चांगला आहे, पैसे घेऊन लिहिणाऱ्यांचाही काही फार वेगळा नसतो. मला हे पटतं. आमच्या विभागात येणाऱ्या कोणालाही अजून पटलेलं नाही.

त्यांचंही चूक म्हणवत नाही, कारण लंडनच्या इंपीरियल कॉलेजचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. १६ मार्च २०२० रोजी नील फर्ग्युसन आणि मंडळींनी कोविडवरचा नववा अहवाल काढला: काहीच केलं नाही तर ब्रिटनमध्ये पाच लाख दहा हजार आणि अमेरिकेत बावीस लाख मृत्यू होऊ शकतील. देश बंद होऊ लागले. साहजिकच लोक म्हणाले, ज्या कोडने आम्हाला घरात बसवलं तो दाखवा. त्यावर फर्ग्युसननी ट्विटरवर लिहिलं की हा कोड आपण तेरा-एक वर्षांपूर्वी फ्लूच्या साथीसाठी लिहिला होता. सी भाषेतल्या हजारो ओळी, आणि त्यांचं टिपण कुठेही नाही. सगळं डोक्यात होतं. एरवी ही कबुली कँटीनमध्ये चहासोबत खपून जाते. त्या आठवड्यात तिच्यावर दोन देशांची धोरणं बसली होती.

मग आवराआवर सुरू झाली, आणि काय माणसं मदतीला आली! खुद्द मायक्रोसॉफ्ट आणि गिटहब. शिवाय जॉन कारमॅक, म्हणजे 'डूम' हा गेम ज्याने लिहिला तो. त्याने नंतर सांगितलं की मूळ कोड म्हणजे पंधरा हजार ओळींची एकच फाइल होती, आणि त्यातले काही भाग कधीकाळी फोरट्रानमधून यंत्राने भाषांतर करून घेतल्यासारखे दिसत होते. (वाचून आमच्या सरांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं.) पण तोच पुढे म्हणाला की दोष शोधणाऱ्या साधनांखालून काढल्यावर हा कोड पुष्कळ आधुनिक कोडपेक्षा बरा निघाला. हे पुढचं वाक्य कोणाच्या लक्षात नाही.

एप्रिलअखेर आवरलेला कोड पब्लिक झाला. लगेच ओरड: हा नको, मूळचा दाखवा! म्हणजे झाडून-पुसून ठेवलं तरी आक्षेप, आणि झाडलं नसतं तर होताच. काही सॉफ्टवेअर इंजिनिअरांनी सह्यांनिशी तिथेच मागणी टाकली की या कोडवर बेतलेले सगळे निबंध तात्काळ मागे घ्या. तेच आकडे घालूनही दर वेळी उत्तर थोडं वेगळं येतं, हा मोठा आरोप. असल्या प्रतिकृतीत यदृच्छेला जागा ठेवलेलीच असते, म्हणून ती अनेकदा चालवून सरासरी काढायची असते. पण यदृच्छा ज्या आकड्यापासून सुरू होते ते बीज तेच ठेवलं तर उत्तरही तेच यायला हवं, हा मुद्दा मात्र खरा होता. या गदारोळात केंब्रिजचे स्टीफन एग्लेन यांनी सरळ कोड घेतला, चालवला, अहवालातल्या आकड्यांशी ताडून पाहिला आणि दाखला दिला की निकाल निघतात. थोडा फरक आहे, तो निष्कर्ष बदलण्याइतका नाही. निषेधाच्या सह्या करणाऱ्यांपैकी किती जणांनी कोड चालवून पाहिला होता, हा प्रश्न मी इथे विचारत नाही.

म्हाताऱ्या कोडचं मात्र नशीब वेगळं. चंद्रावर गेलेल्या अपोलो ११च्या मार्गदर्शक संगणकाचा कोड गिटहबवर आहे, हे २०१६मध्ये जगाला कळलं आणि लोक अक्षरशः तुटून पडले. ही ओळ तात्पुरती आहे, 'आय होप होप होप' असं त्यात उतरण्याच्या भागाच्या कॉमेंटमध्ये लिहिलंय. एका आकड्याशेजारी नुसतीच कॉमेंट, 'न्यूमेरो मिस्टीरिओसो'! बघा, आमच्या ०.७३चा आजोबाच. पण ते वाचून कोणी राजीनामा मागितला नाही, उलट लोकांनी ते मगांवर छापलं असतं तरी नवल वाटलं नसतं. कोणीतरी तर त्या रेपोवर रीतसर तक्रारही नोंदवली, की एका गिऱ्हाईकाला टाकी ढवळताना बराच गंभीर त्रास झालाय. हे गिऱ्हाईक म्हणजे अपोलो १३. तेव्हा सरांना मी सांगू शकतो की पन्नास वर्षं थांबा, याच कॉमेंट्सचा वारसा होईल. पण नियतकालिकाची मुदत उद्याची असते.

शेवटचा अडसर लायसन्सचा. कोड नुसता उघडा टाकून चालत नाही. लायसन्स नसेल तर लोकांनी तो फक्त बघायचा, वापरायचा नाही. म्हणून एमआयटी, जीपीएल, अपाची असे पर्याय असतात. सर म्हणतात, सगळ्यात छोटं कुठलं? एमआयटी. ठरलं. एवढ्यात कोणीतरी संस्थेच्या बौद्धिक संपदा कक्षाचं नाव काढतं आणि सगळ्यांचे चेहरे पडतात, कारण तिथला पहिला प्रश्न असतो: याचं पेटंट होईल का? जे फक्त टेस्ट२ दोनदा चालवल्यावर चालतं त्याचं पेटंट. फॉर्म येतो, त्यावर 'शोधाचे व्यावसायिक मूल्य' असा रकाना असतो. विद्यार्थिनी त्यात काय भरायचं म्हणून माझ्याकडे बघते. मॅट माइट या अमेरिकी प्राध्यापकाने खास अशा कोडसाठी 'क्रॅपल' नावाचं लायसन्स लिहून ठेवलंय. त्यात वापरणाऱ्याने कोड बघून लेखकाला नावं ठेवायची नाहीत, लाजवायचं नाही, असं कबूल करून घेतलंय. मला विचाराल तर सध्याच्या काळातला हा सर्वांत माणुसकीचा कायदेशीर दस्तऐवज आहे. कक्षाने तो नामंजूर केला.

मध्यरात्रीच्या सुमारास बटण दाबलं जातं. 'नक्की ना?'ला हो म्हटलं जातं. मग सगळे श्वास रोखून पडद्याकडे बघतात, आणि काहीही होत नाही. दुसऱ्या दिवशी दोन स्टार पडतात. एक विद्यार्थिनीच्या मैत्रिणीचा, दुसरा सरांच्या मुलाचा. समीक्षक क्रमांक दोन यांनी दुवा उघडल्याचा पुरावा कधीच मिळत नाही. त्यांच्या पुढच्या पत्रात आकृती चारच्या रंगांबद्दल तक्रार असते.

काही महिन्यांनी परदेशातून एक अनोळखी मुलगा लिहितो. तुमचा कोड फार उपयोगी पडला, आम्ही आमच्या नदीच्या विदेवर चालवला, पण नव्या पायथनवर अडतोय. शिवाय दोन सोयी वाढवून हव्यात, शक्यतो गुरुवारपर्यंत, कारण त्याच्या गाइडला दाखवायचंय. सर खूष होतात. कोणीतरी वापरतंय!

"त्याला लिही, सुधारित आवृत्तीवर काम चालू आहे."

"पण सर, पब्लिक रेपोत आपण..."

"तिथे नको. आधी नीट होऊ दे, मग टाकू."

मग एक नवा रेपो निघतो, प्रायव्हेट. पब्लिकमध्ये शेवटची नोंद त्या मध्यरात्रीचीच आहे. नव्यात आज जेवायच्या सुट्टीपर्यंत तीन झाल्या, आणि तिसरीचं नाव 'फायनल' आहे.